वणीतील एक खुकुरी

प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे काशी-रामेश्वर, हिमालय, किंवा निदान महाबळेश्वर तरी उभे राहते. आमचा प्रस्तुत प्रवास अवघ्या पाऊण मैलाचा आहे. आमच्या वाड्याच्या दिंडीपासून गावच्या लोहाराच्या भात्यापर्यंत आम्ही एका सकाळी चालत गेलो व परत आलो, एवढाच तो प्रवास. परंतु तेवढ्या वाटेत आम्हांस नेपाळ देशाचे जे दर्शन घडले, ते पशुपतिनाथाची यात्रा करून आलेल्या आमच्या आप्तांसही घडले नसावे, अशी आमची नम्र समजूत आहे. सबब तो वृत्तान्त वाचकांस सादर करण्याचे धाडस करीत आहो.

प्रथम गावाविषयी दोन शब्द. वणी हे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व अंगास, निर्गुडा नदीच्या काठी वसलेले जुने गाव. पलीकडे वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. इंग्रजी अमदानीत साहेबलोक या गावाचे नाव 'वून' असे लिहीत, व १९०५ पर्यंत सबंध जिल्ह्यास वून जिल्हा हेच नाव होते. कचेऱ्या मात्र यवतमाळास. श्री रंगनाथस्वामींचे देवस्थान आणि त्यांच्या जत्रेत भरणारा बैलांचा बाजार ही गावाची जुनी ओळख. भोवताली कापसाची काळीभोर जमीन, राजुरास चुन्याच्या भट्ट्या, आणि भूमीच्या पोटात दगडी कोळसा. या कोळशाने गावाचे रूप पालटले. रस्त्यांवरून अहोरात्र कोळशाच्या मालमोटारी धावतात, अंगणातील तुळशीच्या पानांवर काळी पूड बसते, आणि ज्या देशांची नावे आम्ही केवळ नकाशावर मुलांना दाखवीत असू त्या देशांची माणसे आता आमच्याच आळीत बिऱ्हाड करून राहतात.

अशांपैकीच आमच्या आळीचा रखवालदार. गेली सतरा-अठरा वर्षे तो रात्री काठी आपटीत व शिटी वाजवीत फेऱ्या घालतो आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार जाऊन आपली वर्गणी गोळा करतो. त्यास सर्व आळी 'बहादूर' म्हणते. त्याच्या आधीच्या रखवालदारासही आळी 'बहादूर'च म्हणत असे. या गोष्टीत काही वावगे आहे असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

आमच्या बैठकीच्या भिंतीवर एक खुकुरी टांगलेली आहे. आमचे पुतणे काठमांडूस गेले होते, त्यांनी ती भेट म्हणून आणली. आरशासारखे चकचकीत पाते, त्यावर नक्षी, लाल मखमलीचे म्यान, पितळेची मूठ. येणारा-जाणारा ती पाहून 'वाहवा' म्हणत असे, व आम्हीही गुरख्यांच्या शौर्याविषयी चार वाक्ये ऐकवून आपल्या बहुश्रुतपणाचे समाधान मिळवीत असू. गेल्या श्रावणात एका वादळी रात्री आमच्या परसातील कडुनिंबाची मोठी फांदी मोडून दिंडीवर आडवी पडली. सकाळी कुऱ्हाड सापडेना, म्हणून धाकट्या नातवाने हौसेने भिंतीवरील खुकुरी काढली. दुसऱ्या घावासरशी पाते एकीकडे आणि मूठ दुसरीकडे झाली! मुले हसत सुटली. रात्रपाळी संपवून परतणारा बहादूर हे पाहून थांबला. पाते हाती घेऊन त्याने धारेवरून अंगठा फिरविला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "गुरुजी, हे बघायचं आहे. कामाचं नाही."

मग खोलीवर जाऊन तो आपली खुकुरी घेऊन आला. तिला ना नक्षी, ना चकाकी. काळपट पाते, कातड्याचे झिजलेले म्यान, म्हशीच्या शिंगाची मूठ, आणि त्या मुठीस घट्ट गुंडाळलेला सुताचा दोर. कारण मूठ उभी तडकली होती. पावसाळी डोंगरांतील ते शिंग वणीच्या उन्हाळ्यास, जो भल्याभल्या दारे-खिडक्यांना चिरा पाडतो, टिकले नव्हते. तशाही अवस्थेत त्याने पाव घटकेत सबंध फांदी तोडून तिच्या मोळ्या बांधून दिल्या. उपकाराची फेड म्हणून आम्ही म्हणालो, "चल, आमच्या लोहाराकडून तुझी मूठ बसवून देतो." आणि अशा रीतीने आमच्या प्रवासास आरंभ झाला.

वाटेत निर्गुडेच्या बाजूस एका पारावर आम्ही क्षणभर टेकलो, तेव्हा खुकुरीचे सावकाश निरीक्षण केले. पाते सुमारे वीतभरापेक्षा थोडे अधिक. पाठ चांगली जाड. आणि मध्यावर पाते खाली वाकलेले. आम्ही आजवर तिला तलवारीच्या कुळातील समजत होतो. परंतु तलवारीची धार बाकाच्या बाहेरच्या अंगास असते, तर खुकुरीची धार बाकाच्या आतल्या अंगास. म्हणजे गोत्र पाहू जाता ती आपल्या विळ्याची बहीण ठरते. विळ्यास ओढून कापावे लागते. हिचे पोट पुढे जड असल्यामुळे हात खाली आला की तिचे वजनच घाव घालते. कुऱ्हाडीचा जोर आणि सुरीची धार अशी दोन्ही कामे एका हत्याराने होतात. म्यानाच्या पाठीस दोन चिमुकल्या सुऱ्या होत्या. एक 'कर्द', बारीकसारीक कापाकापीसाठी. दुसरी 'चकमक', जिला धारच नाही. गारगोटीवर आपटून ठिणगी पाडावयाची आणि मोठ्या पात्याची धार चोपून सरळ करावयाची, ही तिची कामे. मुठीजवळ पात्यात एक लहानशी खाच असते. कोणी तीत गाईचा खूर पाहतात, कोणी शिवाचा त्रिशूळ. कोणी म्हणतात, ओघळ मुठीपर्यंत येऊन हात निसटू नये म्हणून ती ठेविली. बहादूरने या सर्व उपपत्ती शांतपणे ऐकून घेतल्या व "असते, म्हणून करतात" असा निर्वाळा दिला.

आमच्या लहानपणी आम्ही ऐकले होते की खुकुरी एकदा म्यानाबाहेर काढली म्हणजे रक्त चाखल्यावाचून आत जात नाही. आम्ही ते त्यास विचारले. तो मनमोकळेपणाने हसला. त्याची आई याच खुकुरीने सरपण फोडी, बांबू तासी, गवत कापी व मुळ्याची भाजी चिरी. दर वेळी रक्त काढावयाचे म्हटले असते तर घरात बोटे शिल्लक राहिली नसती! ही दंतकथा युद्धांतून निघाली असावी, आणि तीही बहुधा समोरच्या पक्षाच्या मुखातून. १८१४ ते १८१६ या काळात इंग्रज आणि गोरखा राज्य यांचे युद्ध झाले. देहरादूनजवळ नालापाणीच्या गढीत बलभद्र कुंवर आणि त्याचे मूठभर लोक असे लढले की, इंग्रजांचा सेनापती जिलेस्पी तेथे पडला, आणि पुढे इंग्रजांनी आपल्या मृतांबरोबर त्या शत्रूचेही स्मारक तेथे उभारले. सुगौलीच्या तहाने युद्ध संपले. परंतु त्यापूर्वीच, १८१५ मध्ये, इंग्रजांनी गोरख्यांस आपल्या फौजेत घेण्यास आरंभ केला होता. १९४७ मध्ये गोरखा पलटणींची वाटणी झाली, तेव्हा दहांपैकी सहा हिंदुस्थानच्या वाट्यास आल्या व चार इंग्लंडच्या. १९४८ मध्ये आपण आणखी एक उभारली. या पलटणींच्या चिन्हावर दोन खुकुऱ्या तिरकस ओलांडलेल्या दिसतात. जगास तीच खुकुरी ठाऊक आहे. मुळ्याची भाजी चिरणारी ठाऊक नाही.

लोहाराच्या दुकानी पोहोचलो तेव्हा भट्टी धगधगत होती. पूर्वीचा कातडी भाता जाऊन तेथे विजेचा पंखा आला आहे. ऐरण, घण, सांडशी व कानस मात्र त्याच. कोपऱ्यात कोळशाच्या मालमोटारींच्या तुटक्या कमानपाट्यांचा ढीग होता. याच पाट्यांतून तो कुऱ्हाडी व विळे घडवितो. लोहाराने खुकुरी हाती घेतली, नखाने टिचकी मारून नाद ऐकला, पाठीवरची काळी छटा न्याहाळली आणि एकदम उद्गारला, "गुरुजी, हे त आपल्या मोटारीचाच पाटा हाय!" बहादूरने मान डोलावली. त्याच्या गावी सुद्धा मोटारींच्या पाट्यांचीच खुकुरी करतात.

यानंतर त्या दोघांचे जे संभाषण झाले ते ऐकण्यासारखे होते. एकाची वऱ्हाडी, दुसऱ्याची मोडकी मराठी. तरी आम्ही व्याकरण जाणणारे मध्ये बसून निरुपयोगी ठरलो. लोहाराने विचारले, "याले पानी कसं देल्लं?" बहादूरने कोपऱ्यातील चहाची किटली उचलली आणि तिच्या तोटीतून धारेच्या रेषेवर पाणी सोडण्याचा अभिनय केला: पुढून मागे, मागून पुढे, केवळ धारेवर, पाठीस थेंबही नाही. लोहाराचे डोळे चमकले. त्याने आम्हांस समजावून सांगितले, ते असे. तापून लाल झालेले पोलाद एकदम निवविले तर कठीण होते, परंतु काचेसारखे ठिसूळही होते. हळूहळू निवू दिले तर मऊ राहते, परंतु चिवट होते. सबंध पाते पाण्यात बुडविले तर घावासरशी तुकडे होतील. मुळीच पाणी दिले नाही तर धार राहणार नाही. म्हणून पाणी फक्त धारेस पाजावयाचे. धार कठीण होऊन कापते, आणि पाठ मऊ राहून घावाचा धक्का सोसते. आमच्याकडे विळ्याचे तोंडच तेवढे पाण्यास लावतात. तिकडे किटलीच्या तोटीने पाजतात. हत्यारास 'पाणी पाजणे' हा वाक्प्रचार आम्ही वर्षानुवर्षे मुलांना शिकविला. पाणी कोठे पाजावयाचे आणि कोठे नाही, हे आम्हांस त्या दिवशी प्रथमच कळले.

मूठ बसविण्यास वेळ लागणार होता. शिसवीचा तुकडा भोके पाडून तयार झाला; मुठीत शिरणारी पात्याची शेपटी तापवून, लाख वितळवून ती आत बसवावयाची होती. तोवर आमचे मन आपल्या जुन्या खोडीप्रमाणे संस्कृताकडे धावले. अमरसिंहाने सुरीस 'असिपुत्री' म्हटले आहे, म्हणजे तलवारीची लेक. 'असिधेनुका' असेही म्हटले आहे. विळ्यास तो 'दात्र' म्हणतो. आणि गंमत अशी की, पाणिनीने 'दात्र' व 'शस्त्र' हे दोन्ही शब्द एकाच सूत्रात, एकाच प्रत्ययाने सिद्ध केले आहेत. गवत कापणारा विळा आणि शत्रूस कापणारे शस्त्र यांस त्या महर्षीने एकाच पंक्तीस बसविले. कारण दोन्ही 'करणे', म्हणजे केवळ साधने. त्यांस बरे-वाईटपण नाही, ते कर्त्याचे.

याचे उदाहरण शोधण्यास आम्हांस गावाबाहेर जावे लागत नाही. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी याच वणीत झाला. १९३० च्या जुलैत पुसदच्या राखीव जंगलात त्यांनी विळ्याने गवत कापून सरकारचा कायदा मोडला, आणि त्यांस अटक झाली. त्या विळ्याने कोणाचे रक्त सांडले नाही, तथापि त्या दिवशी तो शस्त्र झाला होता. हेच बापूजी पुढे १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते. आणि जेथे इंग्रज-गोरख्यांचा तह झाला ते सुगौली बिहारातच आहे. लोकमान्यांचे चरित्र त्यांनी संस्कृत काव्यात गुंफले, ते 'श्रीतिलकयशोऽर्णवः'. आमच्या वणीचा आणि नेपाळच्या सीमेचा असाही एक धागा आहे, असे मनात येऊन आम्हांस बरे वाटले.

इतक्यात लोहाराच्या घरातून पाण्याचा तांब्या व तीन पेले आले. आम्ही पेला उचलला. लोहार प्याला. बहादूर मात्र पेल्याकडे पाहत राहिला, आणि मग उठून नळाकडे जाऊ लागला. लोहार म्हणाला, "काऊन? आमचं पानी चालत नाही का?" बहादूर गोंधळून थांबला. म्हणाला, "तसं नाही. सवय आहे. पेला बाटतो म्हणून."

मग हळूहळू उलगडा झाला. ती खुकुरी त्याच्या वडिलांनी घडविलेली होती. तो जातीने कामी, म्हणजे तिकडचा लोहार. कागदोपत्री आडनाव विश्वकर्मा. त्याच्या वडिलांच्या हातची खुकुरी गावातील प्रत्येक घरात होती. दसैंच्या नवमीस सर्व घरी ती पाटावर ठेवून, टिळा लावून पूजिली जाई. परंतु ज्याने ती घडविली त्यास त्या घरांचा उंबरा चढता येत नसे, आणि त्याच्या हातचे पाणी कोणी पीत नसे. १८५४ च्या मुलुकी ऐनाने तेथील उतरंड कायद्यातच लिहून ठेविली होती. १९६३ च्या नव्या ऐनाने तो आधार काढून घेतला. परंतु बहादूर म्हणाला, "कायदा खाली काठमांडूत बदलला. आमचं गाव वर आहे." दसैंच्या वेळी वडील अंगणात उभे राहून दुरूनच आपली खुकुरी पाटावर पाहत, आणि घरी येऊन सांगत की, अमक्याच्या घरची धार उतरली आहे, दिवाळीनंतर लावून द्यावयास हवी.

ज्या हाताने पाणी पाजल्यावाचून पात्यास धार येत नाही, त्याच हातचे पाणी चालत नाही! आम्ही काही तरी उपदेशपर बोलणार होतो. परंतु शब्द घशातच राहिले. कारण आम्हांस आमचे अंगण आठवले. आमच्या बाळपणी नांगराचे फाळ व विळे नीट करून देण्यास एक वृद्ध लोहार वाड्यावर येई. तो ओट्याखाली बसे. तहान लागली की ओंजळ पुढे करी, आणि वरून तांब्याने धार सोडली जाई. कित्येकदा ती धार आम्हीच सोडली आहे, आणि पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळून मातीत पडे ते पाहून हसलो आहो. नेपाळच्या ऐनास नावे ठेवण्याचा आमचा अधिकार किती, हे वाचकांनीच ठरवावे.

लोहाराने यावर काहीही भाष्य केले नाही. त्याने पेला उचलून बहादूरच्या हाती दिला आणि म्हणाला, "पी रे. आपन दोघंय एकाच धंद्यातले." बहादूर प्याला. नंतर लोहाराने मूठ कानशीने गुळगुळीत केली, खुकुरी हवेत एकदा फिरवून पाहिली व त्याच्या स्वाधीन केली. पैसे विचारले तेव्हा मान हलविली. आम्ही देऊ लागलो, तर आमच्याकडून मात्र घेतले!

वाचकहो, प्रवास येथे संपला. परंतु त्याचा उत्तरार्ध आश्विनात घडला. आमच्याकडे खंडेनवमीस घरातील सर्व हत्यारांची पूजा होते. पूर्वी आजोबांची तलवार असे. सांप्रत विळी, अडकित्ता, कात्री, कोयता, सुनेचे शिवणयंत्र आणि नातवाचा संगणक एवढी मंडळी पाटावर असते. दसैंची नवमी आणि आपली खंडेनवमी एकाच तिथीस येतात. म्हणून आम्ही बहादूरला खुकुरी घेऊन येण्यास सांगितले, आणि लोहारासही बोलाविले. घरात हे सांगितले, तेव्हा क्षणभर शांतता झाली. आमच्या थोरल्या वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत. सोवळे त्यांनी उभ्या जन्मात कधी मोडले नाही, व आम्हीही त्यांस कधी मोडावयास सांगितले नाही. त्यांच्या मुद्रेकडे पाहण्याचा आम्हांस धीर होईना. त्यांनी हातातील वाती खाली ठेवल्या आणि विचारले, "म्हणजे पाट किती मांडायचे? आठ की दहा?"

"दहा," सूनबाई म्हणाल्या.

"मग पुरणाला बसायला हवं," एवढे बोलून वहिनी उठल्या. त्या दिवशी पाणी वाढण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. वाकता येत नाही म्हणून नातवाने तांब्या धरला. परंतु प्रत्येक पेल्यास त्यांचा हात लागला होता.

पाटावर आमची नक्षीची खुकुरीही ठेवावी की नाही, असा प्रश्न निघाला. ठेविली, कारण नवमीस कोणास वगळू नये. परंतु हळदकुंकू लावताना सर्वांचे लक्ष त्या काळ्या पात्याकडे होते. पूजेनंतर सूनबाईंनी पूजेच्या वहीत, दर वर्षी लिहितात त्याप्रमाणे, उपस्थित मंडळींची नावे लिहावयास घेतली व बहादूरपाशी येऊन त्यांची लेखणी थांबली. "नाव काय लिहू?" असे त्यांनी विचारले. सतरा-अठरा वर्षांत हा प्रश्न त्या गृहस्थास आमच्या आळीत प्रथमच केला गेला. त्याने नाव सांगितले, आणि स्पष्ट उच्चारासाठी दोनदा सांगितले. फार सुंदर संस्कृत नाव आहे; त्याची व्युत्पत्ती सांगण्याचा मोह आम्ही आवरला.

ते नाव येथे छापण्याचे प्रयोजन नाही. ते आमच्या वहीत आहे, आणि रात्री दोनच्या सुमारास शिटी ऐकू आली म्हणजे अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही ते एकदा मनात उच्चारतो. सकाळी भेटले की त्यांस आम्ही त्याच नावाने हाक मारतो. पहिल्या पहिल्याने ते दचकत. आता ओ देतात.